खळ लावलेले कागद

फेब्रुवारी सरत आला की आमच्या गल्लीतली दहावीची मुलं दिसेनाशी होतात. एरवी जिन्यात बसून खिदळणाऱ्या पोरी कुठे जातात कळत नाही. गच्चीवरच्या टाक्यांतलं पाणी दुपारी हाताला चटका देऊ लागतं, मागच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट कोरड्या हवेत जास्तच कर्कश वाटतो, आणि कुणाच्या तरी खिडकीतून पाठांतराचा एकसुरी आवाज येत राहतो. पन्नास वर्षं झाली, मी या दिवसांत घराबाहेर फारशी पडत नाही. लोकांना वाटतं, म्हातारीला ऊन सोसत नाही.

परवा शेजारची सना दार ढकलून थेट आत आली. ती यंदा दहावीला आहे. हातात सरावाची प्रश्नपत्रिका, कोऱ्या पुरवण्या, दोन जेल पेनं आणि पाण्याची बाटली. घरात धाकटे भाऊ उच्छाद मांडतात, म्हणून ती माझ्याकडे बसून पेपर सोडवणार आणि मी वेळ बघायची, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, अगं, तुझ्या मोबाइलमध्ये घड्याळ आहे की. तर म्हणाली, "मोबाइल पर मेरा भरोसा है आजी, अपने पर नहीं. वाजला तरी मी लिहीत बसते. तुम्ही पेपर ओढून घ्या."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण कारण काय सांगणार? मी खुर्ची ओढली, मोबाइल समोर ठेवला आणि तिला म्हटलं, कर सुरुवात. तिचं जेल पेन कागदावर सर्रकन धावायला लागलं. त्याला आवाजच नव्हता. मला मात्र निबची कुरकुर ऐकू यायला लागली, कारण माझे कान त्या आवाजासाठी कधीपासून टवकारूनच बसलेले आहेत.

ती कुरकुर यांच्या पेनाची. हे म्हणजे माझे यजमान, दामोदर, कारखान्यात दामूदादा. कोन गावच्या बाजूचे. नववीत शाळा सुटली आणि भिवंडीत साइझिंगला लागले. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावावी लागते, नाहीतर धागे तटातट तुटतात. मोठ्या हौदात खळ रटरटत असते, शेकडो धागे एकदम त्यातून बुडून निघतात आणि वाफेने तापवलेल्या पिंपांवरून वाळत पुढे जातात. त्या खोलीत बारा महिने अंगाचं पाणी होतं. हे घरी यायचे तेव्हा केसांत, भुवयांत, नखांत वाळलेली खळ असायची. मी चिडवायची की तुम्हाला तसंच दोरीवर टाकलं तर इस्त्रीसुद्धा नको.

आणि अशा माणसाला हौस कशाची, तर पेनांची. कुणाला पत्त्यांची असते, कुणाला कबुतरांची. यांच्याकडे चार पेनं होती. एक काळं, जाडजूड, टोपणाशी झिजून तपकिरी पडलेलं. एक मरून रंगाचं. एक हिरवं, त्याची टोपी दुसऱ्याच पेनाची होती. आणि एक बारीक, बायकी दिसणारं, ज्याची निब यांनी बशीच्या खरबरीत बुडावर घासून घासून आपल्या हाताला आणली होती. ते पेन कुणालाही द्यायचे नाहीत. मला एकदाच दिलं आणि मी दोन ओळी लिहीपर्यंत श्वास रोखून बघत उभे राहिले, तेव्हा मीच परत करून टाकलं.

दर शुक्रवारी सकाळी या चौघांची आंघोळ असायची. शुक्रवारी कारखान्यांची वीज बंद, म्हणून लूम बंद, साइझिंग बंद. आधी स्वतःचे हात लिंबाच्या सालीने घासायचे, खळीचा अंश राहता कामा नये. मग कोमट पाणी, मग एकेका पेनाची निबखालची जीभ काढून ती बोटांच्या चिमटीत धुवायची. माझ्या पाण्याच्या हंड्याशी निळे-जांभळे ओघळ वाहायचे आणि मी करवादायची. शाईच्या तर किती तऱ्हा. दौत उन्हात धरून बघायची. ब्लू-ब्लॅकमध्ये रॉयल ब्लूचे थेंब मोजून टाकायचे, ढवळायचे, कागदावर एक रेघ ओढायची, वाळेपर्यंत थांबायचं आणि मान हलवायची. मग पुन्हा एक थेंब. मी विचारायची, रंग जमला की काय होणार? हे म्हणायचे, काही होणार नाही, रंग जमेल.

खरं सांगायचं तर मी त्या अक्षरालाच भुलून या घरात आले. माझं माहेर खारबावचं. लग्नाची बोलणी झाल्यावर मुलाने आपल्या हाताने लिहिलेलं होकाराचं पत्र आलं. वडिलांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि ते विहिरीवर गेल्यावर मी ते चोरून वाचलं. मजकूर चारच ओळींचा, सगळा साचेबंद. पण अक्षर असं की एकेक अक्षर जणू बसायला पाट देऊन बसवलंय. मी मॅट्रिक झालेली मुलगी, मला वाटलं मुलगा मास्तर असणार. साइझिंगमध्ये आहे, नववीपर्यंतच शिकलाय, हे नंतर कळलं. तोवर मी मनातून इकडे येऊन गेले होते.

त्या घरात मॅट्रिक मी होते आणि हे नव्हते, ही गोष्ट आम्ही दोघं कधी बोललो नाही. हे मात्र चारचौघांत सांगायचे, बायको मॅट्रिक हाय माजी. सांगताना छाती पुढे यायची. घरात मात्र वर्तमानपत्र मी आधी वाचलं की हे लगेच मागायचे नाहीत, थोड्या वेळाने सहज सापडल्यासारखं उचलायचे.

लग्नाला तीन वर्षं झाली असतील तेव्हा यांना खोकला लागला. वाफेतून बाहेर येऊन वाऱ्यावर उभं राहायचं, पुन्हा वाफेत शिरायचं, हे छातीला मानवेना. डॉक्टर म्हणाले, त्या खोलीतून बाहेर पडा, औषधाने फार काही होणार नाही. बाहेर पडून जायचं कुठे? योग असा की साइझिंगच्या ऑफिसातले जुने कारकून वर्षभरात गावी जाणार होते. पत्रं लिहिणं, सूत गुंडाळून आलेल्या बीमच्या चिठ्ठ्या करणं, एवढंच काम. टेबल खिडकीशी होतं, डोक्यावर पंखा होता. शेठनी यांचं अक्षर बघितलेलं होतं. ते म्हणाले, मॅट्रिकचा कागद आण दामोदर, टेबल तुझं. बाकीच्यांना मला उत्तर द्यावं लागतं, कागद पाहिजे.

तेव्हा बाहेरून मॅट्रिकला बसता यायचं. यांनी मार्चच्या परीक्षेचा फॉर्म भरला. माझी जुनी पुस्तकं माहेराहून आली. मी शिकवायची आणि हे शिकायचे, पण आम्ही त्याला शिकवणं म्हणत नव्हतो. मी म्हणायची, मला जरा हा धडा वाचून दाखवा, मी विसरले आहे. हे वाचायचे. डोकं चांगलं होतं हो. इतिहास तर एकदा वाचला की तोंडपाठ. गणिताला मी जिथे अडखळायची तिथे हे बोट ठेवायचे. हा माणूस नापास होईल असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही.

अडचण आली ती कागदाची. त्या वर्षी बाजारात कागदाची टंचाई होती. वह्या मिळायच्या त्या मळकट, भुसभुशीत. शाई टेकवली की फुटायची, अक्षराला केस उगवल्यासारखं दिसायचं. यांना ते बघवेना. दोन दिवस वही पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना डब्यात भाजीच्या जागी खळ घेऊन आले. मला वाटलं, आता हा माणूस कामातून गेला. तर म्हणाले, "सूत तुटतं म्हणून आपण खळ लावतो. ह्यो कागदपण तुटतोय बग. ह्यालापण खळ पाहिजे."

वहीचे कागद सुटे केले. खळ गाळून पाण्यासारखी पातळ केली, मलमलच्या फडक्याने कागदाच्या दोन्ही अंगांना फासली. दोरीवर चड्ड्या-बनियनांच्या शेजारी कागद वाळत पडले. वाळल्यावर ते कडक आणि वाकडे झाले. मग मी माझ्या माहेरचा खाडीवर सापडलेला एक गुळगुळीत शंख काढला आणि पाटावर एकेक कागद घोटायला बसले. दंड भरून आले. पण संध्याकाळी यांनी त्या कागदावर बारीक पेन टेकवलं आणि रेघ ओढली, ती जिथल्या तिथे राहिली. निब कागदावरून जाताना अगदी हलकी कुरकुर झाली. यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या उभ्या संसारात त्यांनी माझ्याकडे तसं दुसऱ्यांदा बघितलं नाही.

सनाने पहिली पुरवणी संपवून दुसरी घेतली. तिने चाळीस मिनिटांत जेवढं लिहिलं तेवढं लिहायला यांना दोन तास लागले असते. तिचं अक्षर कोंबडीचे पाय. पण ते वाचता येतं आणि परीक्षेला तेवढंच लागतं. हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं असं नाही. मी होते.

दर शुक्रवारी दुपारी दोन वाजता, समोरच्या मशिदीतून जुम्म्याची माणसं पांगली की आम्ही दार लोटून घ्यायचो. अख्खं गाव गप्प. सहा दिवस ज्या आवाजात आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो तो बंद पडलेला असायचा, आणि त्या शांततेत फक्त निबचा आवाज. मी जुनी प्रश्नपत्रिका द्यायची, गजराचं घड्याळ माझ्या मांडीशी ठेवायची. सहा प्रश्न, तीन तास. हे मान खाली घालून लिहायला लागायचे.

कसे लिहायचे म्हणून सांगू? शब्द पूर्ण झाला की त्याच्या डोक्यावरची रेघ सावकाश, एका दमात ओढायची. ती वाकडी गेली तर पुढचा शब्द नाही, थोडं थांबून बघायचं. पान भरलं की दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरायचं. आणि हे करताना खोकला थांबायचा. सहा दिवस ढासणारा माणूस शुक्रवारी दुपारी एकदाही खोकायचा नाही.

पहिल्या शुक्रवारी पाच वाजले तेव्हा यांनी सहावा प्रश्न नुकताच घेतला होता. मी तोंड उघडलं. तेवढ्यात यांनी मान वर न करताच विचारलं, "टाइम हाय का अजून?"

मी म्हटलं, "आहे."

दहा मिनिटांचा तर प्रश्न, असं मला वाटलं. पहिलीच खेप आहे, पुढच्या वेळी वेग येईल. हातातलं पान ओढून घ्यायला मन होईना. आणि मी थांबा म्हटलं असतं तर ते कोण म्हणालं असतं? मॅट्रिक झालेली बायको, नववीतून सुटलेल्या नवऱ्याला. दहाची पंचवीस मिनिटं झाली. सहावा प्रश्न संपला, यांनी टोपण लावलं, तेव्हा मी म्हटलं, झाले तीन तास. हे खूश झाले. म्हणाले, पुरला बग बरोबर. मग उठून चहा यांनी केला.

पुढच्या शुक्रवारी मी घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं. टिकटिक तुम्हाला त्रास देते, असं मी सांगितलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी काटेच मागे फिरवले. मला त्यात पाप वाटलं नाही, हे मी खरं सांगते. लाडाने मुलाच्या ताटात जास्त वाढावं तसं वाटायचं. फेब्रुवारीपर्यंत यांचे तीन तास सव्वाचार तासांचे झाले होते. एकदा यांचा पाचवा प्रश्न चालू असताना असरची, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचची, अजान झाली. यांचं पेन थांबलं. "आज लवकर झाली काय गं?" म्हणाले. मी म्हटलं, असेल. पेन पुन्हा चालू झालं. माझ्या शब्दावर यांचा इतका विश्वास होता की यांनी मशिदीचं घड्याळ चुकीचं धरलं.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चार महिने हातात होते. चार महिन्यांत माणूस घाई करायला शिकतो. पहिल्याच शुक्रवारी मी झालं म्हटलं असतं तर हे चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मग डोक्यावरची रेघ जराशी तुटक ओढायला शिकले असते. यांच्यात ती अक्कल होती. मी त्यांना दर आठवड्याला निवांतपणा शिकवत राहिले.

परीक्षेच्या सकाळी बारीक पेनात यांनी स्वतः जमवलेली शाई भरली. दुसरं पेन जोडीला. खिशाला डाग पडू नये म्हणून सुताच्या गठ्ठ्याचा निळा कागद घडी करून खिशात घातला. मी हातावर दही ठेवलं. हे म्हणाले, पेपर सोपा जाणार, आपला अभ्यास हाय.

संध्याकाळी आले. उत्तरपत्रिकेचा कागद भुसभुशीत होता, शाई फुटत होती. हे मला आधीपासून माहीत होतं आणि यांनाही. पण त्याचं एवढं नव्हतं. यांनी चपला काढल्या, मोरीत हात धुतले, आणि पंच्याला हात पुसत मला विचारलं, "दोन प्रश्न राहिले. घरी तर पुरत होता गं टाइम. तिथं काय झालं?"

मी म्हटलं, कागद खराब असेल, त्याने हात अडखळला असेल. हे विचार करून म्हणाले, तसंच असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन प्रश्न राहिले. तिसऱ्या दिवशी अडीच. शेवटच्या पेपरपर्यंत मी सगळ्यांना सांगत सुटले होते, कागद इतका वाईट की विचारू नका. शेजारीपाजारी हळहळले. कारखान्यातली माणसं म्हणाली, दामूदादाला कागदाने दगा दिला. एकाने तर बोर्डाला शिव्या घातल्या. मी त्याला चहा दिला.

जूनमध्ये निकाल लागला. वर्तमानपत्रात यांचा नंबर नव्हता. यांनी पेपर दोनदा बघितला, मग मला दिला, की तू बघ, तुला सवय आहे. मी पण दोनदा बघितला. शेठ चांगले माणूस. म्हणाले, दिवाळीपर्यंत मी टेबल कुणाला देत नाही, ऑक्टोबरला पुन्हा बस.

त्या पावसाळ्यात मी ठरवलं की आता खोटेपणा नाही. यांनीही आपल्या बाजूने एक ठरवलं होतं. दोष कागदाचा, तर सराव वाईट कागदावरच करायचा. खळ लावायची नाही. केवढा शहाणा निर्णय होता. मला बरं वाटलं. आता मी घड्याळ सरळ ठेवीन, यांना वेग येईल, सगळं जागेवर पडेल आणि मागचं कुणाला कळणार नाही. शेवटचं वाक्य माझ्या मनात सगळ्यांत पुढे होतं, ते इथे मागे लिहिलंय एवढंच.

पहिल्या शुक्रवारी पाचच्या ठोक्याला मी म्हटलं, झाले. यांचा चौथा प्रश्न संपत आला होता. यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. पानं गोळा केली. बाहेर पाऊस धो-धो कोसळत होता आणि दोरीवर फक्त कपडे होते. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा चार. तिसऱ्या शुक्रवारी यांनी घाई केली. पेन रेटलं. शब्दांवरच्या रेघा तुटल्या, अक्षरं एकमेकांवर कलंडली, भुसभुशीत कागदावर सगळ्याला केस फुटले. साडेचार प्रश्न झाले. यांनी पान उचलून उजेडाकडे धरलं, सवयीने. आणि बराच वेळ धरून ठेवलं, कुणा परक्या माणसाचं लिखाण बघावं तसं.

मग म्हणाले, "मार्चमदी सहा व्हायचे. बरोबर तीन तासांत. आता साडेचारपण नीट होत न्हाय." उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. बोटांवर वाफेने भाजलेले जुने पांढरे डाग होते. "हात गेला माजा. वाफेनं खाल्ला."

आता. इथे एक वाक्य बोलायचं होतं. ते काही अवघड वाक्य नव्हतं. हात गेलेला नाही, मार्चमध्येही चारच व्हायचे, मी खोटं बोलत होते. यांना आपला हात परत मिळाला असता. मला काय झालं असतं? माझं तोंड काळं झालं असतं, घटकाभर, महिनाभर, समजा वर्षभर. एका पारड्यात यांचा हात होता आणि दुसऱ्यात माझं तोंड.

मी म्हटलं, "डोळे दाखवून घ्या एकदा."

हे हसले. म्हणाले, डोळे चांगले हायत.

फॉर्म भरायची मुदत त्यानंतर आठ दिवसांनी होती. हे त्या बाजूला फिरकले नाहीत, आणि मी आठवण केली नाही. पुढच्या शुक्रवारी सकाळी यांनी चारी पेनं धुतली. नेहमीपेक्षा जास्त वेळ, पाणी अगदी पांढरं येईस्तोवर. मला वाटलं, पुन्हा बसणार. पण यांनी ती दिवसभर फडक्यावर वाळवली, सुताच्या निळ्या कागदात एकेक गुंडाळली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली. उरलेली शाई मोरीत ओतली. त्यात तो जमवलेला रंगही होता. दौती मी तिखट-हळदीला घेतल्या, चांगल्या घट्ट झाकणाच्या होत्या.

दिवाळीनंतर त्या टेबलावर दुसरा मुलगा आला. त्याचं अक्षर मी पाहिलं आहे.

हे पुढे एकवीस वर्षं वाफेत राहिले. सही करायला कारखान्यातलं दोरीला बांधलेलं बॉलपेन वापरायचे. घरी कुणाला पत्र लिहायचं तर मला सांगायचे, तू लिही, तुजा हात चालतो. लग्नाच्या पत्रिकेवर नाव घालायचं असो की रेशनचा फॉर्म, माझ्यापुढे सरकवायचे. शेवटी शेवटी रात्रंदिवस छाती भात्यासारखी चालायची. दवाखान्यात कागदावर सही मागितली तर यांनी अंगठा पुढे केला. नर्सला वाटलं, अडाणी माणूस. मी शाईचं पॅड जवळ सरकवलं.

शुक्रवारची शांतता आता गावात राहिलेली नाही. दापोड्याच्या गोदामांकडे जाणारे ट्रक सातही दिवस गुरगुरतात. पण फेब्रुवारी संपत आला की मी ट्रंक उघडते. पेनांच्या रबरी नळ्या, जिभा सगळं आखडून गेलंय, तरी कोमट पाण्याने धुते. खळीच्या कागदांना कसर लागली आहे. खळ गोड, कसरीला आवडते. कडुलिंबाचा पाला घालते तरी दर वर्षी पानं थोडी थोडी कमी होतात. कुठे प्रश्नाचा आकडा गेला, कुठे अर्धं उत्तर. पण जिथे जिथे शाई उरली आहे तिथे ती फुटलेली नाही. यांनी जमवलेला तो रंग अजून तसाच आहे, काळ्याकडे झुकलेला निळा. या कागदांवरच्या प्रत्येक पेपरात सहाही प्रश्न पूर्ण आहेत.

सनाच्या मोबाइलने तीन तास झाल्याचं वाजवलं. ती लिहीतच होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, बस दोन मिनट. शेवटचा मुद्दा राहिलाय, प्लीज."

माझा हात आपोआप पुढे गेला. मी तिच्या पेनाखालून पेपर ओढला. पेनाची एक लांब रेघ पानभर तिरकी उमटली. सना बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग राग आला, मग तिलाच हसू आलं, कारण ओढून घ्या असं तीच म्हणाली होती. पोर गुणाची आहे. पाण्याची बाटली तोंडाला लावून ती खोलीभर बघत राहिली. ट्रंकेवर मी सकाळी वाळत ठेवलेले दोनचार कागद होते. ते तिने जवळ जाऊन बघितले, हात न लावता. यांचं अक्षर बघून माणसं तशीच उभी राहतात. मी तिला सांगितलं की हे आमच्या यांचं, परीक्षेचा सराव करायचे तेव्हाचं.

"इतना सुंदर," ती म्हणाली. मग वळून माझ्याकडे बघत हसली. "त्यांचा पण टाइम तुम्हीच बघायच्या? ऐसेही खींच लेते थे?"

मी म्हटलं, "हो. बरोब्बर तीन तास."